डाळिंबी डायल

रविवार, १२ फेब्रुवारी १९७८. पवनारहून परत.

आजपासून ही वही. आज जे झालं ते विसरायचं नाही, म्हणून.

सासरकडच्या चुलत मेहुण्याचं लग्न होतं. मुहूर्त दुपारी बारा बावीसचा. गेली चौदा वर्षं त्या घरातल्या प्रत्येक लग्नात मुहूर्ताची वेळ मी सांगतो. भटजींच्या उजव्या हाताला उभं राहायचं, मनगट छातीपाशी धरायचं, आणि "पाच मिनिटं", "दोन मिनिटं", "हं, आता!" मी 'आता' म्हटल्याशिवाय अंतरपाट खाली येत नाही. थोरल्या जावयाचा हा मान आहे. त्या घरात मला दुसरे मान नाहीत असं नाही, पण चारशे माणसांना दिसणारा हाच.

आज भटजींनी विचारलं, किती झाले? मी मनगट वर आणेपर्यंत अख्खा मांडव चंद्रभानकडे वळला. चंद्रभान म्हणजे माझा साडभाऊ, धाकट्या मेहुणीचा, गोपिकेचा नवरा. जामच्या फाट्यावर त्याचं हॉटेल आणि टायरचं दुकान, शिवाय एक ट्रक. कोणा ड्रायव्हरनं मुंबईहून त्याला स्विस घड्याळ आणून दिलं आहे. डायल हिरवा. नुसता हिरवा नाही, आतून उजेड असल्यासारखा हिरवा. बायका नवरीला सोडून डायल पाहत होत्या. आमचे सासरे अण्णाजी, ज्यांचा धाम नदीच्या काठी भाजीचा मळा आहे, त्यांनी तर त्याचं मनगटच हातात घेतलं आणि म्हणाले, "मेथीच्या वाफ्यावानी दिसून राह्यलं बाप्पा!"

चंद्रभान म्हणाला, बारा बावीस. माझ्या घड्याळात बारा एकवीस होते. माझं बरोबर होतं. लग्न एक मिनिट आधी लागलं आणि त्याची कोणालाही फिकीर नाही.

संकल्प: बदला. मुदत तीन महिने. १४ मेला सर्वांत धाकट्या मेहुणीचं, रुख्मिणीचं लग्न आहे. त्या मांडवात मान परत मिळवणे आणि चंद्रभानला सर्वांसमक्ष मान खाली घालायला लावणे.

सोमवार, १३ फेब्रुवारी.

चंद्रभानशी बोलणं आजपासून कायमचं बंद.

मंगळवार, १४ फेब्रुवारी.

बोलणं बंद करणं पुढे ढकललं. आपला टेबलफॅन नागपूरहून त्याच्या ट्रकनं यायचा आहे, ही गोष्ट बायकोनं, नलूनं लक्षात आणून दिली. फॅन आला की बंद.

रविवार, १९ फेब्रुवारी.

शांतपणे विचार केला. माझ्या घड्याळात दोष नाही. वेळ चोख. फक्त डायल पांढरा. पांढरा डायल म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, शाळेतलं घड्याळ, स्टेशनवरचं घड्याळ. त्याकडे माणूस वेळेसाठी पाहतो आणि नजर काढून घेतो. रंगीत डायलकडे पाहतो तो पाहतच राहतो. आपल्या मनगटावरची वेळ आपल्याला दिसते, लोकांना दिसतो तो रंग. इतकी साधी गोष्ट चौदा वर्षं माझ्या लक्षात आली नाही, आणि तीही माझ्या!

मी ग्रेडर आहे. देवळीच्या आमच्या खरेदी केंद्रावर अकरा वर्षं कापसाचा रंग पाहतो. शेतकऱ्याला जो नुसता पांढरा दिसतो त्यात मला सात पांढरे दिसतात. रंगाच्या बाबतीत मला एका टायरवाल्यानं हरवावं, हे होणे नाही.

नलूचं म्हणणं, अलीकडे तुम्ही पेपर लांब धरून वाचता, वर्ध्याला जाऊन चष्मा करून या. ग्रेडरला चष्मा लागला की शेतकरी बैलबंडीवरूनच हसतील. तिला धंद्यातलं कळत नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी.

शत्रूचा अभ्यास करण्यासाठी जामला गेलो. निमित्त फॅनचं.

चंद्रभाननं स्वतः चहा आणला, भजी आणली. मी घड्याळाकडे पाहतच नव्हतो. त्यानंच काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, भाऊजी, तुमाले रंगातलं समजते, सांगा बरं कसं हाय. मी उजेडात धरून सांगितलं की ठीक आहे, हिरव्यात जरा पिवळ्याचा अंश आहे. खरं म्हणजे नव्हता. कडेला गर्द आणि मध्ये मोकळा होत गेलेला असा हिरवा मी आजवर पाहिला नाही. तो म्हणाला, बांधून तं पाहा. बांधलं. पाऊण तास बांधून बसलो. तेवढ्यात तीन ट्रक ड्रायव्हरांनी मला वेळ विचारली. एकानं तर सेठ म्हटलं.

निघताना तो म्हणाला, ठेवा ना आठ दिवस, मी काई लग्नाले नाई चाललो. हा सरळ सरळ अपमान. माणूस उष्टं अन्न वाढतो तशी भाषा. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बसमध्ये बसलो. फॅन घ्यायचा राहिला.

गुरुवार, २ मार्च.

विदेशी मालाचा चोरटा व्यापार हे देशावरचं संकट आहे. कस्टमच्या साहेबांना एक निनावी पत्र लिहिलं. जाम फाटा, टायरचं दुकान, हिरवा डायल. खाली 'एक देशभक्त'. अक्षर डाव्या हातानं काढलं. उद्या पेटीत टाकतो.

रविवार, ५ मार्च. वर्धा.

पत्र टाकलं नाही. कारण पुढे येतंच आहे.

बाजारात बंडूजींच्या दुकानी गेलो. घड्याळांचे जुने कारागीर. त्यांना म्हटलं, मला असा डायल पाहिजे की हिरवा त्यापुढे पालेभाजी दिसला पाहिजे. त्यांनी भिंग डोळ्यावरून खाली घेतलं आणि मला नीट पाहिलं. मग म्हणाले, साहेब, टाइम तं पोराच्या खेळण्यातल्या घड्याळातही दिसते, रंगाची बातच अलग. पांढरा डायल मास्तर लोकायचा. काळा पोलीस खात्यातला. निळा डाक्टर नाई तं वकील. चॉकलेटी कंत्राटदार. हिरवा म्हंजे नवा पैसा.

'हिरवा म्हंजे नवा पैसा' हे वाक्य मी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. लग्नात वापरता येईल.

मग त्यांनी गल्ल्याच्या खालून मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं एक काढलं. नागपूरच्या एका बॅरिस्टरच्या घरातलं. स्विस. डायल डाळिंबी. सोन्याचे बारीक काटे, आकडे नाहीतच, नुसत्या बारीक सोनेरी रेघा. दाराशी नेलं तर फुटलेल्या डाळिंबाचा, आत नेलं तर जुन्या शालूचा, आणि हात हलवला की मध्येच एक ठिणगी. मी दाराशी आणखी दोन फेऱ्या मारल्या. बंडूजी म्हणाले, हा असा-तसा मानूस बांधत नाई.

आता मीही विदेशी घड्याळ बांधणार म्हटल्यावर कस्टमला पत्र पाठवणं बरं दिसत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. पत्र फाडलं.

रविवार, १२ मार्च.

घेतलं. पांढरा डायल बंडूजींना दिला, वर काही रक्कम दिली. आकडा इथे लिहीत नाही. नलू ही वही वाचत नाही, पण तरी.

रंगाची परीक्षा आमच्या खात्याच्या पद्धतीनं केली. सकाळी अकरा वाजता, उत्तरेकडच्या खिडकीत, काळ्या कागदावर ठेवून. ऊन थेट नको, सावली नको. कापसाचा नमुना असाच पाहतात. रंग उत्कृष्ट. कुठेही डाग नाही, झाक नाही. हाताच्या अंतरावर धरलं की काटे जास्त स्पष्ट होतात. भारी घड्याळांचा हा गुण असावा.

सोमवार, १३ मार्च.

केंद्रावर पहिला दिवस. बाही दुमडून गेलो. कारकुनांपैकी कोणी काही म्हणालं नाही. जळतात.

दुपारी चिंधू हमालानं गाठोडं उतरवता उतरवता थांबून पाहिलं. मला वाटलं, चला, गरिबाला तरी नजर आहे. तो म्हणाला, "सायेब, घड्याळावर कोनं पान थुकलं का जी?"

चिंधूला उद्यापासून मागच्या गोदामात पाठवायला सांगितलं.

मंगळवार, २१ मार्च.

आज संधी चालून आली.

दुपारी फाटकातून चंद्रभानचा ट्रक शिरला, कापूस भरून. चंद्रभान स्वतः ड्रायव्हरशेजारी, हिरवा डायल खिडकीबाहेर. त्याचा चार एकर कापूस आहे हे मला माहीत होतं. मी खाली उतरलो. नमुना हातात घेतला. कापूस चांगला होता, खोटं कशाला लिहू. लांब धागा, स्वच्छ, दुधासारखा. मी तो उलटसुलट केला, नाक मुरडलं, आणि म्हटलं, पिवळी झाक आहे. किडकी कवडी निघतेय. एक ग्रेड खाली. चिठ्ठीवर तसं लिहून सही ठोकली.

चंद्रभान काहीतरी बोलायला लागला. मी म्हटलं, इथे नातं चालत नाही, इथे डोळा चालतो. हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. फार समाधान वाटलं.

सायंकाळी.

कापूस अण्णाजींचा होता. पवनारच्या वरच्या वावरातला. रुख्मिणीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला. म्हातारा बंडीनं दोन दिवस कुठे येतो, म्हणून चंद्रभान आपल्या ट्रकनं घेऊन आला होता, आणि अण्णाजी मागे गाठोड्यांवर बसले होते. ते उतरले तेव्हा मी ऑफिसात चहा पीत होतो. चिठ्ठी पाहून ते म्हणाले म्हणे, "जवाईबापूचा डोळा हाय. बराबरच अशीन."

नलूनं हे मला भाकरी थापता थापता सांगितलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवण गेलं नाही. वाईट वाटतं आहे. म्हाताऱ्यानं भांडायला हवं होतं.

तरीही मूळ दोष कोणाचा? दुसऱ्याचा कापूस आपल्या ट्रकमध्ये घालून असा ऐटीत आणतो कोण? हेही चंद्रभानच्या नावावर मांडून ठेवतो.

बुधवार, २२ मार्च.

चिठ्ठी बदलता येते का पाहिलं. माल आधीच ढिगात मिसळला. मिसळलेल्या मालाची चिठ्ठी बदलायची नाही, हा नियम मीच केलेला.

रविवार, ९ एप्रिल. पवनार.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. मनात धाकधूक होती, पण सासूबाईंनी, आनंदाबाईंनी, नेहमीसारखंच पुरण वाढलं. कापसाचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही, त्यांना वाईट वाटलं असतं.

जेवणानंतर मी मुद्द्यावर आलो. अण्णाजींना म्हटलं, रुख्मिणीच्या लग्नात वेळ कोण सांगणार ते आत्ताच ठरलेलं बरं. मांडवात गोंधळ नको. मी अर्ध्या तासाच्या वादाची तयारी करून गेलो होतो. जुने दाखले लिहून नेले होते, सन ६४ पासूनचे.

अण्णाजी म्हणाले, "तुमीच सांगजा. दुसरं कोन सांगनार हाय?"

झालं. इतकंच. दाखले खिशातच राहिले. चंद्रभान तिथेच मळ्यात मोटरचा पट्टा बसवत होता. तोही काळ्या हातांनी वर आला आणि म्हणाला, भाऊजीच पाह्यजेत, आपल्याले तं ते जमतच नाई.

शत्रू घाबरला आहे. डाळिंबी डायल त्यानं पाहिला, आणि एकदम नरम. मला अशी सोपी माघार मान्य नाही. त्याला मांडवात, सगळ्यांदेखत हरवायचं आहे. बदल्याचा कार्यक्रम कायम.

गुरुवार, २० एप्रिल.

लग्नासाठी टेरिकॉटचा शर्ट शिवायला टाकला. शिंप्याला सांगितलं, डावी बाही दीड इंच आखूड ठेव. त्यानं विचारलं, हात मोडला होता का? मी काही सांगितलं नाही. त्यानं नको तेवढी समज दाखवली आणि दोन्ही बाह्या आखूड केल्या.

रविवार, ७ मे.

रंगीत तालीम केली. नलूला भटजींच्या जागी उभं केलं. मनगट वर, कोपर बाहेर, डायल पाहुण्यांकडे, मग सावकाश स्वतःकडे. "पाच मिनिटं." आवाज खर्जातला. नलू म्हणाली, तुमी घड्याळ बाहेर दाखवून राह्यले, टाइम काऊन पाहून नाई राह्यले? तिला समजावलं की वेळ माझ्या डोक्यात असते.

मग तिनं खरोखरच विचारलं, किती वाजले. खोलीत जरा अंधार होता. मी म्हटलं सव्वाचार. तेवढ्यात जिनिंग कारखान्याचा पाचचा भोंगा झाला. भोंगा हल्ली वेळेवर होत नाही.

चंद्रभानला ऐकवायची वाक्यं पाठ केली: १) हिरवा म्हणजे नवा पैसा. २) वेळ पाहायला घड्याळ लागतं, रंग पाहायला घराणं लागतं. दुसरं माझं स्वतःचं आहे.

रविवार, १४ मे. पवनार. सकाळी ११.०५.

मुहूर्त गोरज. सायंकाळी ६ वाजून ५२ मिनिटं. मांडवावर आंब्या-जांभळाच्या ताज्या डहाळ्या. ऊन कडक. डायल या उन्हात असा पेटला आहे की मलाच पुन्हा पुन्हा हात हलवावासा वाटतो. आतापर्यंत आठ जणांनी पाहिलं. गोपिका म्हणाली, अगाई, कसलं लालबुंद! नवरदेवाच्या मामांनी किंमत विचारली. मी नुसता हसलो.

चंद्रभान बनियनवर पाण्याचे ड्रम उतरवतो आहे. मनगट रिकामं! घड्याळ काढूनच ठेवलंय. पाठ केलेली दोन्ही वाक्यं वाया जाणार की काय.

दुपारी ४.३०.

सगळे कामात. चंद्रभान आचाऱ्यांना लाकडं फोडून देतोय. धाकटे मेहुणे सतरंज्या घालतायत. मला कोणी काही काम सांगत नाही. मानाच्या माणसाला सांगत नाहीतच. ओसरीवर खुर्ची दिली, सरबत दिलं. बसलो आहे.

सायंकाळी ६.३२.

मांडवात निघतो. दोन्ही काटे बरोबर एकावर एक आले आहेत. शुभ लक्षण.

सोमवार, १५ मे. देवळी.

काल जे झालं त्याची कारणं आधी नोंदवून ठेवतो. एक, वीज गेलेली होती. दोन, डहाळ्या नको तेवढ्या दाट बांधल्या होत्या. तीन, नवरीकडच्या बाजूनं लाल पडदा लावला होता. आता प्रकार.

भटजींनी विचारलं, किती वेळ आहे? मी तालमीप्रमाणे हात वर केला, पाहुण्यांकडे, मग स्वतःकडे. डायल काळा. म्हणजे डाळिंबी, पण विहिरीत पडलेलं डाळिंब. तळाशी एक सोनेरी काटा दिसत होता, साडेसहाच्या जागी. एकच. मी म्हटलं, दुसरा त्याच्याखाली असणार, मी स्वतः पाहून आलो होतो. म्हणालो, अठरा मिनिटं.

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. हात लांब केला, जवळ घेतला. काटा तिथेच. म्हटलं, सतरा मिनिटं. एकदम तोच आकडा सांगणं बरं दिसत नव्हतं.

अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी हात बदलले. नवरदेवानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. अंतरपाटाआड रुख्मिणी ताटकळली होती, तिच्या मुंडावळ्या हलत होत्या. भटजी म्हणाले, जावईबापू, अंधार पडून राह्यला, नीट पाहा. मी खर्जात सांगितलं, पंधरा मिनिटं आहेत, घाई करू नका. कोणी तरी चंद्रभानला हाक मारली. तो ओल्या हातांनी आला आणि म्हणाला, मी नाई बांधलं आज, भाऊजी सांगतील तेच.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या बॅटरीच्या रेडिओवर सातच्या बातम्या सुरू झाल्या.

सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. शेवटी एकदाचा. मी सांगितलं की रेडिओ पुढे आहे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर चाललं असतं. आनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि मुहूर्त गेला वं माय, असं हळूच म्हणाल्या. रुख्मिणीनं मान वर करून पाहिलं, माझ्याकडे नाही, वडिलांकडे. आयुष्यात मला कधी इतकी लाज वाटली नाही. हात वरच होता, खाली घ्यायचं सुचत नव्हतं.

मग अण्णाजी मांडवाबाहेर गेले. रस्त्यावर उभे राहिले. परत येऊन भटजींना म्हणाले, "आमची कपिली आत्ता येऊन राह्यली नदीवरून. तिची धूळ अजून खाली नाई बसली. धूळ हाय तवर गोरज हाय. लावा लगन."

भटजी काय म्हणणार? खरोखर एक गाय येत होती, उशिरानं, एकटीच. अंतरपाट पडला, अक्षता पडल्या. 'आता' कोणी म्हटलंच नाही.

कापसाचा रंग उजेड पिवळा पडला की पाहत नाहीत. पाच वाजता मी चिठ्ठ्या बंद करतो, बंडीवाल्यानं पाय धरले तरी. अकरा वर्षं हा नियम मी पाळला. आणि घड्याळ सकाळी अकराला पारखून सायंकाळच्या मुहूर्ताला नेलं. असो. वीज गेलेली होती, हे मुख्य कारण.

मंगळवार, १६ मे. दुपारी. वेळ पाहिली नाही.

रजा टाकली. दोन दिवस विचारू की नको करत होतो, ते आज नलूला विचारलं. परवाच्यानंतर त्या घरात माझा मान राहील का? पुढच्या लग्नात मला वेळ सांगू देतील का?

ती लग्नातल्या उरलेल्या अक्षतांमधले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, देतीन ना, काऊन नाई देनार. मी म्हटलं, खरं सांग. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

म्हणाली, खरं ऐकाचं हाय? सन चौसष्टात, आपलं लग्न झाल्यावर, आमच्या दादाचं लग्न होतं. तुमी सकायपासून आचाऱ्याच्या मागं लागले होते, वरनाचा रंग बराबर नाई म्हून. हळद टाकाले लावली, मंग पाणी टाकाले लावलं. दीडशे मानसाचं वरन वाया गेलं. आचारी झारा फेकून निंगाला. तवा बाबानं म्हटलं, जवायाले भटजीपाशी उभं करा अन् टाइम पाहाले सांगा, एका जागी राह्यतीन. तवापासून तुमी टाइम पाहता.

मी विचारलं, आणि मुहूर्त?

मुहूर्त बाबाच सूर्यावरून पाह्यते, ती म्हणाली. तुमी 'आता' म्हनाच्या आधी ते भटजीले डोळ्यानं खुनावते. परवा अंधारात भटजीले बाबाचे डोळे दिसले नाई, इतकंच झालं.

चौदा वर्षं.

हे कोणाकोणाला माहीत आहे, म्हणून विचारलं. सगळ्यायले, ती म्हणाली. चंद्रभानलासुद्धा? त्यालेच तं पह्यले, ती म्हणाली. फेब्रुवारीत लोकायनं त्याले टाइम इचारला, तुमचं तोंड उतरलं, ते त्यानं पाह्यलं. तवाच बाबाले जाऊन म्हने, भाऊजीचं काम भाऊजीलेच राहू द्या, ते दुखावले हाय. म्हून परवा त्यानं आपलं घड्याळ गोपिकेच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. अन् त्या कापसाचंही त्यानंच बाबाले समजावलं, का भाऊजी नेमानं चालनारे हाय, मनात धरू नका.

मग विचारलं, परवा सगळं झाल्यावर काय म्हणाला तो? हसला असेल.

नाई बाप्पा, नलू म्हणाली. तो म्हने, काई म्हना, पन भाऊजीले लाल रंग शोभून दिसते.

आता याचा बदला कसा घ्यायचा, ते काही सुचत नाही.